एका रायडिंगची बखर

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा. बारामतीत काय होणार, ठाण्यात कोणाला तिकीट मिळणार, मुंबई महापालिकेत कोण कोणाशी युती करणार, यावर तज्ज्ञांची मते फुकटात ऐकायला मिळतात. मात्र याच मंडळींना “तुमच्या भागाचा एम.पी.पी. कोण?” असे विचारले की बासुंदीची वाटी हातात घेऊन माणूस विचारात पडतो. ओटावातला खासदार निदान नावाने तरी माहीत असतो. क्वीन्स पार्कमधला आमदार म्हणजे कोणी परका पाहुणा! आणि गंमत म्हणजे आपला रोजचा संसार त्या आमदाराच्याच सभागृहाच्या हातात आहे. मुलांची शाळा, ओहिपचे कार्ड, गाडीचा विमा, हायवे, घरभाड्याचे कायदे, हे सगळे प्रांताच्या अखत्यारीत येते.

म्हणून या वर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर मी ठरवले की शिवकाल किंवा पेशवाईच्या वाटेला न जाता इथल्याच एका मतदारसंघाचा इतिहास लिहावा. मतदारसंघाला इथे ‘रायडिंग’ म्हणतात. त्याचा घोड्याशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘तिसरा हिस्सा’ या अर्थाच्या शब्दाचा हा अपभ्रंश. इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे असे तीन हिस्से होते, तिथून तो शब्द कॅनडात आला. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा असल्यामुळे मी आधी सगळे निकाल एक्सेलमध्ये भरले. नुसते आकडे पाहूनच चक्रावलो!

मी निवडलेला मतदारसंघ म्हणजे यॉर्क साऊथ. निवडण्याचे कारण अगदी साधे आहे. मास्टर्स करायला टोरांटोत आलो तेव्हा वेस्टन रोडजवळच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षे काढली. भाडे कमी आणि बस दारात. पुढे सगळ्यांसारखा मीही मिसिसागाला सरकलो, पण त्या भागाविषयीचे कुतूहल कायम राहिले. एग्लिंटन आणि वेस्टन रोडचा चौक, कोडॅकचा ओसाड पडलेला प्रचंड कारखाना, छोटी छोटी विटांची घरे. टोरांटोच्या पर्यटन पुस्तिकेत या भागाला जागा नसते. पण ओंटारिओच्या राजकारणाचा इतिहास लिहायचा तर या चौकाला वळसा घालून पुढे जाताच येणार नाही.

हा मतदारसंघ १९२६ सालचा. तेव्हा हा भाग टोरांटो शहराच्या हद्दीबाहेर, यॉर्क टाऊनशिपमध्ये होता. इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या कामगारांनी इथे स्वस्तात जमिनीचे तुकडे घेतले आणि फळ्या, डांबरी कागद, मिळेल ते जमवून स्वतःच्या हातांनी घरे बांधली. सुरुवातीला ना नळ, ना गटार, ना धड रस्ता. म्हणजे आपण ‘गोरे लोक’ म्हणून ज्यांना एकाच रांगेत बसवतो, त्यांच्यातले हे झोपडपट्टीवाले! पुढे माउंट डेनिसला कोडॅक आले, वेस्टनला सी.सी.एम. या सायकल कंपनीचा कारखाना आला, आणि हा भाग पक्का कामगारांचा झाला. १९३० च्या मंदीत टोरांटोभोवतीच्या अनेक उपनगरी पालिका कर्जे फेडू शकल्या नाहीत, यॉर्क टाऊनशिप त्यातलीच एक.

अशा वस्तीने पहिली सतरा वर्षे निवडून दिले ते मात्र कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या लिओपोल्ड मॅकॉले यांना. ब्रिटिश कामगार साम्राज्याभिमानी होता आणि कन्झर्व्हेटिव्ह हा साम्राज्याचा पक्ष होता. मॅकॉले मंत्रीही झाले. सगळे कसे ठरल्याप्रमाणे चालले होते.

त्याला पहिला धक्का बसला फेब्रुवारी १९४२ मध्ये, आणि तोही ओटावाच्या निवडणुकीत. माजी पंतप्रधान आर्थर मीघन हे कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पुन्हा नेते झाले होते. संसदेत शिरायला त्यांना जागा हवी होती, म्हणून त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि यॉर्क साऊथची केंद्रीय पोटनिवडणूक लढवली. लिबरलांनी उमेदवारच दिला नाही, त्यामुळे विजय खिशात होता. समोर होते जोसेफ नोजवर्दी, याच भागातल्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक मास्तर! पक्ष सी.सी.एफ., म्हणजे को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, प्रेअरी प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी मंदीच्या काळात काढलेला समाजवादी पक्ष. मीघनसाहेब सक्तीच्या लष्करभरतीवर बोलत राहिले. मास्तर विचारत राहिले की युद्ध संपल्यावर घर, नोकरी आणि औषधपाण्याचे काय? मास्तर निवडून आले. मीघन यांचे राजकारण तिथेच संपले.

दीड वर्षाने, ऑगस्ट १९४३ मध्ये प्रांताची निवडणूक झाली. आधीच्या सभागृहात एकही जागा न जिंकलेल्या सी.सी.एफ.ला एकदम ३४ जागा मिळाल्या. कन्झर्व्हेटिव्हांना ३८. चार जागांनी ओंटारिओतले समाजवादी सरकार हुकले! यॉर्क साऊथमधून निवडून आले सी.सी.एफ.चे प्रांतिक नेते टेड जॉलिफ. मिशनरी आईबापांच्या पोटी चीनमध्ये जन्मलेले, ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेले, कामगारांचे वकील. वस्तीने आपल्यातला माणूस न निवडता स्वतःसाठी भांडणारा वकील निवडला होता.

नवे मुख्यमंत्री (इथे प्रीमियर म्हणतात) जॉर्ज ड्रू यांनी सी.सी.एफ.च्या धास्तीने प्रचारातच २२ कलमी कार्यक्रम जाहीर केला होता, त्यात आरोग्यापासून कामगारांच्या हक्कांपर्यंत आश्वासने होती. इथून पुढे या बखरीचे एक सूत्र दिसू लागते: यॉर्क साऊथचा माणूस विरोधी बाकावर बसून मागणी करतो, सत्तेतला पक्ष आधी तिची चेष्टा करतो आणि मग हळूच ती आपल्या नावावर करतो.

पण जॉलिफ यांची वाट सोपी नव्हती. मे १९४५ मध्ये, निवडणुकीला थोडे दिवस असताना, त्यांनी रेडिओवर गौप्यस्फोट केला की ड्रू सरकार करदात्यांच्या पैशाने गुप्त राजकीय पोलीस पोसत आहे आणि ते विरोधकांवर पाळत ठेवतात. त्यांनी शब्द वापरला ‘गेस्टापो’. जर्मनी शरण येऊन महिनाही झाला नव्हता! लोकांना तो शब्द झेपला नाही. सी.सी.एफ. ३४ वरून ८ वर आली आणि खुद्द जॉलिफ यॉर्क साऊथमध्ये पडले. चौकशी आयोगाने ड्रू यांना निर्दोष ठरवले. पुढे अनेक वर्षांनी जुनी पत्रे उजेडात आली तेव्हा जॉलिफ अगदी हवेत बोलत नव्हते, असे अभ्यासक मानू लागले. पाळत ठेवणारा पोलीस अधिकारी खरोखरच होता. माझे मत विचाराल तर आरोपात तथ्य होते, पण शब्द चुकला. निवडणुकीत अनेकदा त्या एका शब्दाचीच किंमत मोजावी लागते.

१९४८ ला जॉलिफ पुन्हा जिंकले, १९५१ ला पुन्हा हरले. त्या वर्षी सी.सी.एफ.च्या अख्ख्या प्रांतात दोन जागा उरल्या. शीतयुद्धाचे दिवस होते, समाजवादी म्हटले की लोक दचकत. १९४३ ला सत्ता चार जागांवर होती आणि आठ वर्षांत पक्ष एका टॅक्सीत मावेल एवढा झाला. मला वाटते, एखादा पक्ष संपायला एवढे पुरेसे होते.

तो संपला नाही याला कारण डोनाल्ड सी. मॅकडोनाल्ड हा माणूस. १९५३ ला त्यांनी पक्षाची धुरा घेतली, १९५५ ला यॉर्क साऊथमधून उभे राहिले आणि निवडून आले. त्यानंतर सलग आठ निवडणुका, २७ वर्षे, ते इथून हरले नाहीत. सभागृहात पक्षाच्या जागा किती? आधी ३, मग ५, मग ७, आणि १९६७ ला २०. सत्ता कधीच नाही. सोलापूरकडच्या वाचकांना सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवतील. शेकापचे, अकरा वेळा आमदार, आणि बहुतेक काळ विरोधी बाकावर. गणपतराव आणि मॅकडोनाल्ड यांची भेट झाली असती तर दोघांना एकमेकांची भाषा लगेच कळली असती, असे मला आपले उगाच वाटते.

मॅकडोनाल्ड यांचे गाजलेले काम म्हणजे नैसर्गिक वायूचा घोटाळा. उत्तर ओंटारिओत गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीचे शेअर काही मंत्र्यांकडे होते. मॅकडोनाल्ड यांनी हे प्रकरण सभागृहात लावून धरले. १९५७-५८ मध्ये तीन मंत्र्यांना जावे लागले. बहुमताच्या डोंगरापुढे मूठभर आमदारांचा हा पक्ष! आणि आपण खिशात बाळगतो त्या आरोग्य कार्डाचे काय? इस्पितळाचा सरकारी विमा ओंटारिओत १९५९ ला आला, डॉक्टरच्या फीचा १९६९ ला. दोन्ही वेळा सरकार कन्झर्व्हेटिव्हांचे होते. पण ती मागणी सी.सी.एफ. आणि १९६१ नंतर तिची वारसदार एन.डी.पी. यांनी वर्षानुवर्षे रेटली होती, सस्कॅचेवान प्रांतात सत्ता असताना अमलातही आणून दाखवली होती.

आपल्याकडे एक ठरलेले वाक्य असते: “सत्ताधारी पक्षाचा आमदार असला की कामे होतात.” यॉर्क साऊथने हे गणित २७ वर्षे मानले नाही. त्याने रस्ता उशिरा डांबरी झाला असेल, कोण जाणे. पण ज्या पक्षामागे प्रांतात कुठेच भक्कम जमीन नव्हती त्याला पाय ठेवायला या एका मतदारसंघाने जागा दिली. ती जागा गेली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढचे म्हणजे बॉब रे. १९८२ ला एन.डी.पी.ने ओटावातल्या या तरुण खासदाराला प्रांतिक नेता केले, पण क्वीन्स पार्कमध्ये त्यांना जागा नव्हती. मॅकडोनाल्ड यांनी स्वतःची जागा मोकळी करून दिली. राजकारणात बापही मुलासाठी खुर्ची सोडत नाही, हे आपण जाणतोच! नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत रे जिंकले. हेही ऱ्होड्स स्कॉलर, हेही बाहेरून आलेले. आता यॉर्क साऊथ हा नेत्याचा मतदारसंघ म्हणून पक्का झाला.

१९८५ ला त्रिशंकू विधानसभा आली. कन्झर्व्हेटिव्ह ५२, लिबरल ४८, एन.डी.पी. २५. रे यांनी लिबरलांच्या डेव्हिड पीटरसन यांच्याशी दोन वर्षांचा लेखी करार केला आणि ४२ वर्षांची कन्झर्व्हेटिव्ह राजवट कोसळली. डॉक्टरांनी विम्यावर वरकड पैसे घेणे बंद झाले ते याच काळात, त्यासाठी डॉक्टरांचा संपही सोसावा लागला. स्त्रियांना समान मूल्याच्या कामाला समान वेतन देणारा कायदा झाला. पण श्रेय? १९८७ च्या निवडणुकीत लिबरलांना १३० पैकी ९५ जागा. कराराचा मलिदा एकाच पक्षाने खाल्ला.

त्या १९८७ च्या निवडणुकीत यॉर्क साऊथमध्ये काय झाले ते मी मुद्दाम तीनदा तपासले. लिबरलांनी रे यांच्याविरुद्ध यॉर्कचे महापौर ॲलन टोंक्स यांना उतरवले. घरचा माणूस, गल्लीगल्लीत ओळख. रे वाचले ३३३ मतांनी. तीनशे तेहतीस! आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला यापेक्षा जास्त माणसे असतात. एवढी मते फिरली असती तर बॉब रे घरी गेले असते आणि तीन वर्षांनी जे घडले त्याचा नायक दुसराच कोणी असता, किंवा ते घडलेही नसते.

घडले ते असे. पीटरसन यांनी लोकप्रियतेच्या भरात दोन वर्षे आधीच निवडणूक जाहीर केली. लोकांना ते आवडले नाही. ६ सप्टेंबर १९९० ला एन.डी.पी.ला १३० पैकी ७४ जागा मिळाल्या. पीटरसन स्वतःच्या जागेवरही पडले. यॉर्क साऊथचा आमदार ओंटारिओचा प्रीमियर झाला. एकूण मते मात्र ३७.६ टक्के. शंभरातल्या ३८ मतांवर शंभरातल्या ५७ जागा, ही आपल्याकडच्यासारखीच ‘ज्याला जास्त तो जिंकला’ पद्धतीची करामत. २००७ ला ही पद्धत बदलावी का यावर ओंटारिओत सार्वमत झाले, तेव्हा ६३ टक्के लोकांनी नको म्हटले.

सत्तेत मात्र रे यांचे हाल झाले. मंदी आली, तूट वाढली. ज्या सरकारी विमा कंपनीचे वचन दिले होते तो गाडीचा विमा खासगीच राहिला. १९९३ ला त्यांनी ‘सोशल काँट्रॅक्ट’ आणला: वर्षाला ३०,००० डॉलरपेक्षा जास्त पगार असलेल्या सरकारी नोकरांना, शिक्षकांना, परिचारिकांना वर्षात बारापर्यंत दिवस बिनपगारी रजा. ‘रे डेज’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. ज्या कामगार संघटनांनी पक्ष उभा केला त्यांनीच पाठ फिरवली. नोकऱ्या वाचवण्यासाठी पगार कापला, हे रे यांचे म्हणणे मला पटते. पण मॅकडोनाल्ड यांच्या काळापासून दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्याला ते पटणे शक्य नव्हते, हेही कळते.

मतदारसंघाच्या वाट्याला काय आले? एग्लिंटन वेस्ट सबवे. ॲलन रोडपासून ब्लॅक क्रीकपर्यंत, म्हणजे थेट यॉर्कच्या दारात. १९९४ ला खोदकाम सुरू झाले. १९९५ ला माइक हॅरिस यांचे कन्झर्व्हेटिव्ह सरकार आले आणि काम थांबवून तो खड्डा चक्क बुजवला! ‘सत्तेतला आमदार असला की कामे होतात’ या वाक्याची ही दुसरी बाजू. २०११ ला त्याच रस्त्याखाली पुन्हा खोदाई सुरू झाली आणि पुढे एग्लिंटनवर आपण सगळ्यांनी किती वर्षे गाडीत बसून काढली ते वेगळे सांगायला नको.

१९९५ च्या लाटेत एन.डी.पी. १७ जागांवर आली, पण रे यांना यॉर्क साऊथने पुन्हा निवडून दिले. पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत एन.डी.पी.चे उमेदवार होते डेव्हिड मिलर, जे पुढे २००३ ला टोरांटोचे महापौर झाले. त्यांना हरवले लिबरल जेरार्ड केनेडी यांनी. ते डेली ब्रेड फूड बँकेचे प्रमुख होते, म्हणजे या वस्तीला राजकारणाबाहेरून माहीत असलेला माणूस. ४१ वर्षांचा बालेकिल्ला एका संध्याकाळी गेला. गंमत पाहा, २००६ ला केंद्रातल्या लिबरल नेतेपदासाठी मॉन्ट्रियलला जी लढत झाली त्यात केनेडी होते आणि तोवर लिबरल झालेले बॉब रे सुद्धा होते. यॉर्क साऊथचे दोन माजी आमदार एकाच व्यासपीठावर, आणि जिंकले तिसरेच, स्टेफान डिओन.

हॅरिस सरकारने ‘फ्युअर पॉलिटिशियन्स ॲक्ट’ असा बेधडक नावाचा कायदा करून आमदार १३० वरून १०३ वर आणले. त्यात १९९९ ला यॉर्क साऊथ संपला आणि शेजारच्या भागात मिसळून ‘यॉर्क साऊथ–वेस्टन’ झाला. यॉर्क हे शहरही त्याआधी वर्षभर टोरांटोत विलीन झाले होते. २००५ ला कोडॅकचा कारखाना बंद पडला. त्यातली एक जुनी इमारत उचलून, सरकवून, माउंट डेनिस स्थानकात बसवली आहे, एवढीच खूण.

मतदानाचा आकडाही असाच घसरत गेला आहे. १९९० ला प्रांतात सुमारे ६४ टक्के लोकांनी मत दिले होते. २०२२ ला ४४ टक्क्यांच्या आसपास, आणि २०२५ लाही निम्म्याहून कमी. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९०७ पासून १९४७ पर्यंत आपल्या हिंदी लोकांना मताचा अधिकारच नव्हता. ब्रिटिश प्रजा असूनही नव्हता, आणि त्यासाठी तिथल्या शिखांनी चाळीस वर्षे भांडण केले. नागरिकत्वाच्या शपथविधीचे फोटो आपण आवर्जून भारतात पाठवतो. त्यानंतरच्या गुरुवारी (ओंटारिओची निवडणूक बहुधा गुरुवारीच असते) ऑफिसमधून निघायला उशीर होतो आणि बर्फ पडत असतो, हे मात्र कुठल्याच फोटोत येत नाही.

नव्या मतदारसंघाचा इतिहास आडनावांतून वाचता येतो. आधी लिबरल जो कॉर्डियानो. त्यांनी जागा सोडल्यावर फेब्रुवारी २००७ च्या पोटनिवडणुकीत पोर्तुगीज आडनावाचे पॉल फरेरा, एन.डी.पी.चे. आमदारांनी स्वतःचा पगार एकदम २५ टक्के वाढवून घेतला होता, आणि फरेरा तासाला दहा डॉलर किमान वेतन मागत होते. प्रचाराला याहून वेगळे काही लागलेच नाही. आठ महिन्यांत, ऑक्टोबरच्या निवडणुकीत, इटालियन टेलिव्हिजनवरून घराघरांत पोहोचलेल्या लॉरा अल्बानीज यांनी त्यांना हरवले आणि त्या ११ वर्षे राहिल्या. २०१८ ला सोमालियात जन्मलेले फैसल हसन यांनी ही जागा पुन्हा एन.डी.पी.कडे आणली. २०२२ ला कन्झर्व्हेटिव्ह मायकेल फोर्ड, प्रीमियर डग फोर्ड यांचे पुतणे, जिंकले. यॉर्क साऊथ हे नाव लावणाऱ्या प्रांतिक जागेवर १९५१ नंतर प्रथमच त्या पक्षाचा माणूस निवडून आला, आणि तो मंत्रीही झाला, लिओपोल्ड मॅकॉले यांच्यासारखाच. २०२५ ला फोर्ड उभे राहिले नाहीत. त्याच पक्षाचे मोहम्मद फिरिन तिथून निवडून आले.